किरणोत्सर्ग: विरोध कशाला आणि मागणी कशाची?

आपल्या शिबिरांत आणि बैठकांत ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द उच्चारला की तीन नावे पाठोपाठ येतात: हिरोशिमा, चेर्नोबिल आणि जैतापूर. यात वावगे काही नाही. ९,९०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी माडबन आणि साखरी नाटे येथील बागायतदारांचे व मच्छीमारांचे भवितव्य त्यांना न विचारता ठरविले जात असताना, आणि एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा बळी गेला असताना, आपण गप्प बसलो असतो तर स्वतःला समाजवादी म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला उरला नसता. प्रस्तुत लेखकाची भूमिका आजही तीच आहे. परंतु त्या लढ्याच्या ओघात आपल्या हातून एक चूक घडली. किरणोत्सर्ग म्हणजे केवळ संकट, असे समीकरण आपण कार्यकर्त्यांच्या मनात रुजविले; आणि ज्या किरणांवाचून गरीब रुग्ण दगावतो, त्यांची मागणी करावयाची मात्र विसरलो.

हे किरण मुळात कोणाच्याच मालकीचे नव्हते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या राँटगेन यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. मारी व पिएर क्यूरी यांनी रेडियम वेगळे करण्याची पद्धत जगाला मोकळी करून दिली. पुढे रेडियम कंपन्यांच्या हाती गेले. १९२१ साली खुद्द मादाम क्यूरींना संशोधनासाठी एक ग्रॅम रेडियम हवे झाले, तेव्हा त्याची किंमत एक लाख डॉलर होती. ती अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून उभी केली. त्याच दशकात न्यू जर्सीच्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगविणाऱ्या मुली, कुंचल्याला ओठांनी टोक काढता काढता, जबड्याची हाडे कुजून मरत होत्या. शोध सर्वांचा, नफा थोड्यांचा आणि धोका मजुरांचा, हा हिशेब तेव्हाच मांडला गेला. तो अद्याप बदललेला नाही.

कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना उपचारांच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचार लागतो. ज्याला आपले लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात तो हा उपचार एका दिवसात उरकत नाही. आठवड्यातून पाच दिवस, असे बहुधा पाच ते सात आठवडे, रोज काही मिनिटे यंत्राखाली निजावे लागते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने सारा प्रश्न या ‘रोज’ शब्दात आहे. भामरागडच्या एखाद्या शेतमजूर स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, तर त्या काही मिनिटांसाठी तिला दीड महिना शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात काढावा लागतो. सोबतीला घरचे एक माणूस हवेच. म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. शिवाय खोलीचे भाडे, जेवण, गाडीखर्च आणि मागे शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवलेली मुले.

सरकार सांगते की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. आहे, आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ती योजना रुग्णालयाचा खर्च भरते, बुडालेली मजुरी भरत नाही. दोन-तीन आठवड्यांत असा रुग्ण गावी परततो आणि दप्तरात नोंद होते: ‘उपचार सोडला’. वास्तविक तेथे ‘पैसे संपले’ असे लिहावयास हवे. मुंबईत दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना कित्येक दशके आसरा देत आली आहे. ते कार्य थोर आहे; पण म्हणून शासनाने आपले कर्तव्य धर्मशाळेच्या ओसरीवर ठेवून निघून जावे काय?

यावर ‘यंत्रे महाग आहेत’ हे उत्तर तयार असते. तेही तपासून पाहू. कोबाल्ट-६० आपल्याच अणुभट्ट्यांत तयार होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र देशातच घडविले, आणि आपल्या सरकारने ते व्हिएतनामला भेट दिले. त्याचा आनंदच आहे. पण जे व्हिएतनामला देता आले ते गडचिरोलीला का देता येऊ नये? डॉक्टर मित्र म्हणतात, कोबाल्ट जुने झाले, लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर निरोगी पेशींना अधिक जपतो. हे खरे आहे, आणि गरिबाच्या वाट्याला कायम दुय्यम यंत्र यावे असे कोणी म्हणू नये. परंतु त्या यंत्राला अखंड वीज, महागडी देखभाल आणि कुशल माणसे लागतात. ती व्यवस्था उभी राहीपर्यंत रुग्णाने थांबावे, असे त्याच्या रोगाला कोण सांगणार? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर कोबाल्ट आजही उपयोगी आहे.

साथी विचारतील, मग धोक्याचे काय? १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया येथे एका खासगी दवाखान्याने टाकून दिलेले किरणोपचाराचे यंत्र भंगारात गेले आणि चार माणसे मेली. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्टचे उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. ते उपकरण लिलावात विकणारी संस्था भांडवलदाराची नव्हती. ते सार्वजनिक विद्यापीठ होते. सार्वजनिक मालकी आली की जबाबदारी आपोआप येते, हा आपला लाडका भ्रम आहे. मालक कोणीही असो, मरतो भंगार फोडणारा. म्हणून मागणी यंत्राची करताना पाळतीचीही केली पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या तीन असाव्यात. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी किरणोपचार केंद्र आणि ते चालविण्यास कायम नेमणुकीचे तंत्रज्ञ. ते होईपर्यंत रुग्णास व सोबत्यास निवासाची सोय आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. आणि प्रत्येक किरणस्रोताचा, खरेदीपासून अखेरच्या विल्हेवाटीपर्यंतचा, जनतेला पाहता येईल असा हिशेब.

ठराव करून हे साधणार नाही. प्रत्येक जिल्हा शाखेने या महिन्यात सरकारी रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे: गेल्या वर्षी किरणोपचारासाठी किती रुग्ण बाहेरगावी पाठविले, आणि त्यांपैकी किती जणांनी तो पूर्ण केला? पहिला आकडा कदाचित मिळेल. दुसरा कोणी ठेवलेलाच नसेल, तर आपले आंदोलन तेथूनच सुरू होते.