आधी कडी, मग गाडी

आमच्या भिंगारच्या घरासमोर दिराच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या दिवाळीपासून एक पिवळी बस उभी आहे. शाळेची. शाळेने नव्या बस घेतल्या आणि ही जुनी लिलावात काढली, तेव्हा आमच्या ह्यांनी कुणाला न विचारता ती घेऊन टाकली. संध्याकाळी घरी आले ते हातात किल्ली नाचवतच. म्हणाले, "निवृत्त झाल्यावर काय करणार, काय करणार म्हणून विचारत होतीस ना? हिचं घर करायचं. चाकावरचं घर! मग तू म्हणशील तिकडे."

मी म्हणेन तिकडे! मैत्रिणींनो, छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं, त्यामुळे लगेच विश्वास ठेवला नाही.

ह्यांची नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गेली. आमच्या भिंगारचं आयुष्यच मुळी गाड्यांच्या आवाजावर चालतं. इथे रणगाडे पाहायला म्युझियम आहे, वाहनांवर संशोधन करणारी लष्करी संस्था जवळच आहे, आणि घरटी एक तरी माणूस असा, की ज्याला इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं कळतं. तेव्हा बस चालेल की नाही, याची मला काळजी नव्हती. काळजी होती ती कागदावरच्या नकाशाची.

ह्यांनी रात्री जागून नकाशा काढला होता. पुढे ड्रायव्हरची सीट तशीच. मागे दोन सीट पाहुण्यांसाठी. मग डाव्या हाताला ओटा, शेगडी, छोटा फ्रीज. उजव्या हाताला घडीचं टेबल. शेवटी आडवा पलंग, त्याखाली सामानाचे कप्पे. टीव्हीसाठी सुद्धा जागा होती. मी नकाशा दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला.

"अहो, संडास कुठाय?"

"अगं, त्याला उगाच जागा जाते. रस्त्यात हॉटेलं आहेत, पेट्रोल पंप आहेत. नाहीतर मोकळं रान आहेच की."

मोकळं रान! पुरुषांच्या नकाशात हे रान नेहमी मोकळंच असतं. त्यात विंचू नसतात, उजाडलेलं नसतं, बांधावर कुणी उभं नसतं. मी नकाशा घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, "आधी कडी, मग गाडी. आतून कडी लागणारी चार बाय तीनची खोली होणार असेल, तरच मी या बसमध्ये पाय ठेवीन. टीव्ही काढा."

तुम्हाला हे भांडण क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडं मागचं सांगते. पहिली एस.टी. धावली ती आमच्याच रस्त्यावर, १ जून १९४८ रोजी, नगर-पुणे मार्गावर. लाकडी बॉडीची बेडफोर्ड गाडी होती ती. त्या गाडीचं कौतुक आम्ही नगरकर अजून सांगतो. पण माझी आई त्याच रस्त्यावरून माहेरी जाताना आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. ते कौतुकात कुणी सांगत नाही. मी नोकरीला होते तेव्हा मीही तेच केलं. सहलीला मुली नेताना बाटलीतलं पाणी त्यांना प्यायला लावायचं आणि आपण ओठ ओले करायचे, हे किती शिक्षिकांनी केलं असेल, ते त्याच जाणोत. मूत्रमार्गाच्या संसर्गावर औषध घेताना डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, "पाणी कमी पिता का?" काय सांगणार!

आणि आमच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. गुडघे गेलेले, साखर आहे, दर दीड-दोन तासांनी उठावं लागतं. गेली सहा वर्षं त्या भिंगारच्या बाहेर गेलेल्या नाहीत. नातीच्या लग्नालाही "मला गर्दी सोसत नाही" म्हणाल्या. गर्दी त्यांना छान सोसते, शुक्रवारी भजनाला पंचवीस बायका घरात असतात. सोसत नाही ती वाट.

ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राला घेऊन आले आणि बसमध्ये खडूने चौकोन आखला. चार बाय तीन. टीव्ही गेला.

मग काम सुरू झालं आणि मला कळलं, की बसचं घर करणं म्हणजे निम्मं काम मोडण्याचंच. सीट नुसत्या उचलून निघत नाहीत. खालचे बोल्ट गंजून बसलेले, ते एकेक कापावे लागले. सीटखालून निघालं काय? सात पेन्सिली, एक कंपास पेटी, चिंचोके, राख्या आणि एका डाव्या पायाचा बूट. जमिनीचा प्लाय उचलला तेव्हा खालचा पत्रा दोन ठिकाणी चाळणी झालेला. खिडक्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं. गंज खरवडा, नवा पत्रा वेल्ड करा, गंजरोधक रंग द्या, यातच महिना गेला. जिला जुनी बस घ्यायची असेल तिने आधी जमीन आणि खिडक्यांखालचा पत्रा टोचून पाहावा. वरचा रंग कुणीही चकाकता करून देतो.

नगरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याच्या छताखाली एप्रिलमध्ये भाकरी भाजली जाईल. म्हणून छताला आणि भिंतींना आतून ग्लासवूल भरून वर पातळ प्लाय लावला. निम्म्या खिडक्या बंद केल्या, पण मागचा संकटकालीन दरवाजा बंद करू दिला नाही. पलंग त्या दारासमोर येत होता, तो सरकवला. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट हवीच. गॅसही तसाच. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीशी साठतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा, आणि तळाला हवेसाठी भोकं. ही अट माझी नव्हे, ह्यांची. श्रेय ज्याचं त्याला.

पाण्याचं गणित मात्र मी केलं, कारण घरात पाणी कुणाला किती लागतं ते बाईलाच माहीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दोन दांडगी माणसं कायमची बसवल्यासारखं. ती छतावर ठेवली तर वळणावर गाडी झोके खाणार, म्हणून खाली, मागच्या चाकांच्या थोडी पुढे. समोरच्या बाजूला बॅटऱ्या आणि सामान, म्हणजे दोन्ही अंगांना तोल राहतो. संडास सुटकेससारख्या टाकीचा आहे. टाकी भरली की बाहेरून ओढून काढायची आणि नीट ठिकाणी, संडासातच रिकामी करायची. "ही कोण रिकामी करणार?" असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक दिवस तुम्ही, एक दिवस मी." ते कागदावर लिहून घेतलंय. सोलर वगैरे बसवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो.

आता कायद्याचं. इथे मात्र आमचं घोडं अडलेलं आहे आणि तुम्हीही अडकू नये म्हणून सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. बसची नोंद बदलून ती मोटर कॅरॅव्हॅन करायची तर आर.टी.ओ.ची परवानगी हवी, त्यासाठी ठरलेली मानकं आहेत. शाळेचा पिवळा रंग काढायचा, त्याचीही नोंद. विमा वेगळा. हे सगळं पत्रा कापण्याआधी विचारायचं असतं. आम्ही नंतर विचारलं. दिवाळीच्या उत्साहात कोण विचारतं?

आपल्या सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले कॅरॅव्हॅन पार्क त्यात अपेक्षित आहेत. चांगलंच आहे. पण ते धोरण मुख्यतः व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. निवृत्तीच्या पैशातून एखादी जुनी बस घेऊन सासूला पंढरपूर दाखवायला निघालेल्या माणसासाठी सोपी, एका खिडकीवरची वाट असायला काय हरकत आहे? सुरक्षिततेची तपासणी कडक करा, जरूर करा. पण काय तपासणार ते आधी मराठीत छापून भिंतीवर लावा.

जुन्या बसचा उपयोग बायकांसाठी करावा हे काही मलाच सुचलं अशातला भाग नाही. पुण्यात उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी २०१६ मध्ये पी.एम.पी.च्या मोडीत निघालेल्या बसची 'ती' स्वच्छतागृहं केली. कमोड, बेसिन, बाळाला दूध पाजायला जागा, आणि सोबत एक ताई. केरळात एस.टी. महामंडळाने २०२० मध्ये मुन्नारला जुन्या बसमध्ये प्रवाशांना झोपायची सोय केली, तीही स्वस्तात. अमेरिकेत तर शाळेच्या जुन्या बसची घरं करणारे इतके, की त्या घरांना लाडाचं नावच पडलंय, 'स्कूली'. तिकडे सगळेच हौसेने राहतात असं नाही हं. २००८ च्या मंदीत घर गेलेल्या, पेन्शन न पुरणाऱ्या साठीच्या बायका गाडीत राहून हंगामी कामं करत हिंडतात. 'नोमॅडलँड' हा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

आणि अमेरिकेपर्यंत जायला तरी कशाला हवं? दसरा-दिवाळीनंतर आमच्या दारावरून, पाथर्डीच्या रस्त्याने, ट्रक आणि ट्रॅक्टर जातात. वर चुलीचे दगड सोडून सगळा संसार. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, म्हातारी. ऊसतोडीला निघालेली ही कुटुंबं पाच-सहा महिने कोपीत राहतात. चाकावरचं घर म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्याने आणि शेजारच्या बीडने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. आम्ही त्याला मोटरहोम म्हणत नाही इतकंच. त्या घराला भिंत नसते, कडी तर नसतेच. पहाटे अंधारात फडात जायचं, पाळीच्या दिवसांत सुद्धा मोळी उचलायची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीडच्या ऊसतोड बायकांचं जे चित्र आलं ते विसरता येत नाही: पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली. त्याला कारणं अनेक आहेत, खाडा परवडत नाही हे मोठं कारण. पण धुवायला पाणी नाही आणि लावायला कडी नाही, म्हणून अंगावर काढलेली दुखणी त्यात किती असतील?

आमच्या बसमध्ये चार बाय तीनच्या त्या खोलीला, मजुरी धरून, जो खर्च आला तो सोफ्याच्या एका चांगल्या सेटइतका आहे. एस.टी. दरवर्षी जुन्या गाड्या भंगारात काढते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. कारखान्यांकडे वर्कशॉप आहेत, वेल्डर आहेत, पाण्याचे टँकर आहेत. कोप्यांच्या तळावर एकेक जुनी बस उभी करायची, आत तीन संडास, दोन न्हाण्या, एक सावलीचा कोपरा लेकरांसाठी. ती रस्त्यावर धावायचीच नाही, ट्रॅक्टरने ओढून न्यायची, हंगाम संपला की परत आणायची. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपल्यापैकी कितीतरी जणींचे नवरे, भाऊ सभासद म्हणून बसतात. यंदा घरातून निघताना हा प्रश्न त्यांच्या खिशात घालून पाठवा. नाहीतर स्वतः सभासद असाल तर स्वतःच उठा. मी माझ्या भावाला फोन केलाय. तो म्हणाला, "ताई, तुझं आपलं काहीतरीच." मी पुन्हा करणार आहे.

आमच्या बसचे कागद अजून आलेले नाहीत. कुठलासा दाखला कमी आहे, तो आला की तपासणी, मग रंग. तोवर ती प्लॉटवरच उभी. शेजारणी पाहून जातात. एकीने विचारलं, "बाई, फिरायला जाऊन पण स्वयंपाक तूच करणार ना?" प्रश्न रास्त होता. ओट्याचं काम तेव्हापासून थांबवलंय. दोघांना एकदम उभं राहता येईल एवढा तो रुंद करायचा आहे, ह्यांना त्याचं कारणही सांगितलंय.

परवा दुपारी सासूबाईंना धरून बस दाखवायला नेलं. पायरी उंच पडली म्हणून ह्यांनी खाली लाकडी ठोकळा ठेवला, धरायला दांडी आधीच लावलेली होती. आत गेल्यावर त्यांनी पलंग पाहिला नाही, फ्रीज पाहिला नाही. सरळ त्या चार बाय तीनच्या दारात गेल्या, आत शिरल्या आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग उघडल्याचा. मग पुन्हा लावल्याचा.

बाहेर आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "कडी जरा वर बसलीय. मला हात वर करायला लागतो. बोटभर खाली घे."

उद्या सुतार येणार आहे.