ट्रान्सफॉर्मरलाही म्हातारपण येतं!

दोस्तांनो, गल्लीच्या कोपऱ्यावर कुंपणात उभी असलेली ती गुणगुणणारी लोखंडी पेटी आठवते ना? वीज कंपनीच्या कागदोपत्री ती ‘रोहित्र’, आपण म्हणतो ‘डीपी’ किंवा ट्रान्सफॉर्मर. विजेचा दाब कमी-जास्त करणं हे तिचं काम. आत ना चाक, ना पट्टा. मग ती झिजते कशी?

झिजतो तो आतला कागद! हो, कागदच. तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांवर खास कागद गुंडाळून ते सारं तेलात बुडवलेलं असतं. तेल उष्णता बाहेर नेतं आणि कागदाच्या जोडीनं विजेला भलत्या वाटेनं जाऊ देत नाही. कागद म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांच्या लांबच लांब साखळ्या. नव्या कागदाच्या एका साखळीत हजाराच्या आसपास कड्या असतात. उष्णता आणि ओल यांनी साखळ्या तुटत जातात. २०० कड्या उरल्या की कागद जुन्या पोथीच्या पानासारखा ठिसूळ झालाच म्हणून समजा. तेल गाळता येतं, बदलता येतं. कागदाचं तसं नाही, बरं का! तो बदलायचा म्हणजे सगळी वेटोळीच नव्यानं बांधायची.

पेटी न उघडता हे कळतं कसं? डॉक्टर रक्त तपासतात, तसं इंजिनिअर तेल तपासतात. तेलात ॲसिटिलीन वायू सापडला, तर आत ठिणग्या उडत असाव्यात. कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर कागद करपत असावा. पाण्याचा अंश वाढला, तर ओल शिरली.

पण नुसती तपासणी पुरते का? लंडनची गोष्ट ऐका. २० मार्च २०२५ च्या रात्री तिथल्या नॉर्थ हाइड उपकेंद्रातला ५० वर्षांहून जुना ट्रान्सफॉर्मर पेटला. ७० हजारांवर ग्राहकांची वीज गेली. दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद! जाडजूड तारा पेटीत शिरतात त्या ‘बुशिंग’मध्ये ओल गेली असावी, असं चौकशीत निघालं. आणि कहर म्हणजे, तेलाच्या नमुन्यात ओल जास्त असल्याचं जुलै २०१८ मध्येच दिसलं होतं! उपाय मात्र झाला नाही. म्हणजे नुसत्या वयाला बोल लावून कसं चालेल? रिपोर्ट कपाटात ठेवून ताप उतरतो का कधी?

आता एक काम. काही ट्रान्सफॉर्मरना बाजूला काचेची छोटी बरणी असते. पेटीत जाणारी हवा तिच्यातल्या दाण्यांमधून कोरडी होऊन जाते. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले, की ते बदलायची वेळ झाली. (काही ठिकाणी दाणे नारिंगी असतात.) कुंपणाबाहेरून, लांबूनच पाहा. दाणे गुलाबी दिसले किंवा तेल गळताना दिसलं, तर आईबाबांना वीज कंपनीकडे तक्रार नोंदवायला सांगा. आणि हो, दोन दिवसांनी विचारायला विसरू नका, ‘बाबा, पुढे काय झालं?’