लीमडो आणि कडुलिंब

कमाटीबागेत रोज सकाळी फिरावयास येणाऱ्या आम्हां बडोदेकर मंडळींची पावले आता इतकी सरावली आहेत की, डोळे मिटून चाललो तरी ती बरोबर फाटकाशी आणून सोडतील. फेऱ्या मोजायच्या, कुणाची साखर किती उतरली ते ऐकायचे आणि घरी जायचे. झाडांकडे पाहण्याचे काम आम्ही पाखरांवर सोपवले आहे.

परवा शाळेला सुटी म्हणून नातू बरोबर होता. एका झाडाकडे बोट करून त्याने विचारले, ‘‘आजोबा, हा लीमडो ना?’’ ‘‘हो,’’ म्हटले आणि पुढे चालू लागलो. घरी येऊन चहाचा कप हाती घेतला तेव्हा ध्यानात आले : दर पाडव्याला ज्याचा कडू पाला मी या मुलाच्या तोंडात घालतो, ते झाड त्याला मी कधी दाखवलेच नव्हते!

मराठीचे पुढे कसे होणार, ही चिंता आपण सभासंमेलनांत पुष्कळ वाहतो आणि शेवटी दोष शाळेच्या माथी मारतो. पण शाळा गुजराती वा इंग्रजी नावे शिकवणार, ते तिचे कामच आहे. घरातले नाव घरच्याच माणसाने सांगावयास हवे.

ही बाग 1879 साली झाली. त्या वेळी दिवाण होते सर टी. माधवराव, कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. सयाजीराव महाराज तर कवळाण्याहून 1875 साली, बारा वर्षांचे असताना इथे आले आणि मराठीबरोबर गुजराती, उर्दू व इंग्रजीही शिकले. दुसरी भाषा आली म्हणून पहिली सोडावी लागते, असे या शहराने आपल्याला कधीच सांगितलेले नाही. सोडली असेल तर ती आपल्या आळसाने.

आणि ही नावे परस्परांना परकी तरी कुठे आहेत? वड दोन्हीकडे वडच. शहराचे नावच त्याच्यावरून पडले म्हणतात. पीपळो तो पिंपळ, जांबु ते जांभूळ, आणि लीमडो हा आपल्या कडुलिंबातल्या लिंबाचा सख्खा भाऊ. फक्त ‘आंबली’ म्हणजे चिंच, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते.

झाडांच्या नावांनी का भाषा जगते, असे कुणी विचारील. एकट्या नावांनी नाही जगत. परंतु ज्या भाषेत समोरच्या झाडाला हाक मारता येत नाही, ती भाषा मग आरत्या आणि लग्नपत्रिका यांपुरतीच उरते.

दुसऱ्या दिवशी नातवाला पुन्हा त्याच झाडाखाली नेले. पाडव्याची आठवण देऊन नाव सांगितले. त्याने विचारले, ‘‘मग लीमडो चूक?’’ ‘‘चूक नव्हे रे, दोन्ही बरोबर.’’ तो खूश झाला आणि पुढच्या झाडाकडे धावला. त्या सकाळी आमची एकच फेरी झाली. मंडळी, उद्यापासून आपणही फेऱ्या थोड्या कमी करा. पण नातवंडांना बरोबर आणा.