हेलडायव्हर, नौदलाचे तेजस आणि भिलाईचे पोलाद

भिलाईचा रुआबांधा सेक्टर ही पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. त्या कारखान्यातून, तसेच बोकारो व राउरकेला येथून, आयएनएस विक्रांतसाठी सुमारे 30 हजार टन विशेष पोलाद गेले. 2 सप्टेंबर 2022 रोजी विक्रांत नौदलात दाखल झाली. डेक स्वदेशी झाला. त्यावरचे लढाऊ विमान मात्र झाले नाही. एप्रिल 2025 मध्ये भारताने फ्रान्सशी 26 राफेल-मरीन विमानांचा करार केला, आणि ‘नौदलाचे तेजस फसले’ या निकालाला जणू शिक्कामोर्तबच मिळाले. हा निकाल घाईचा आहे.

विमानवाहू नौकेवरचे विमान कसे फसते, हे पाहायचे तर अमेरिकेच्या कर्टिस हेलडायव्हरकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धातले हे डाइव्ह बाँबर, म्हणजे लक्ष्यावर जवळजवळ सरळ खाली झेपावून बाँब टाकणारे विमान. नौकेच्या उद्वाहकावर अशी दोन विमाने मावलीच पाहिजेत, ही नौदलाची अट होती. त्यामुळे विमानाचा सांगाडा आखूड झाला आणि स्थैर्य बिघडले. नमुना-विमान प्रथम उडाले 18 डिसेंबर 1940 रोजी. पण 370 विमानांची मागणी त्याआधीच, 29 नोव्हेंबरला, नोंदवून झाली होती! पुढे नमुना एकदा कोसळला, दुरुस्त झाला, आणि डिसेंबर 1941 मध्ये झेपेच्या चाचणीत हवेतच मोडला. तोवर कारखाना थांबवणे कोणाच्या हातात राहिले नव्हते. सुमारे 880 बदल करूनही हे विमान नोव्हेंबर 1943 मध्ये राबाउलवरील हल्ल्यात उतरले, ते वैमानिकांची नापसंती घेऊनच. नंतर मुसाशी व यामातो ही महाकाय जपानी जहाजे बुडवण्यात त्याचा वाटा होता, हेही खरे. पण त्यातले दोष शोधण्याची जबाबदारी चाचणी वैमानिकांऐवजी आघाडीवरच्या तरुणांवर पडली.

नौदलाच्या तेजसची वाट नेमकी उलटी होती. 27 एप्रिल 2012 रोजी पहिले उड्डाण झाले. डिसेंबर 2014 मध्ये गोव्यात आयएनएस हंसा येथील किनाऱ्यावरच्या वक्र धावपट्टीवरून पहिली झेप घेतली गेली. डिसेंबर 2016 मध्ये नौदलप्रमुखांनी हे विमान नौकेसाठी जड असल्याचे सांगून ते नाकारले. नकार रास्त होता. नौकेवर उतरताना विमान शेवटच्या क्षणी नाक उचलून अलगद टेकत नाही. ते जवळजवळ आदळते. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला की चाकांच्या सांगाड्याने शोषायची ऊर्जा चौपट होते. ताशी 240 किलोमीटर वेगाचे विमान तारेने 90 मीटरांत थांबवायचे, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या अडीचपट भरते. त्यासाठी सांगाडा भक्कम करावा लागतो, भक्कमपणातून वजन वाढते, आणि एकच इंजिन असलेल्या लहान विमानाला ते वजन शस्त्रे व इंधन कमी करून फेडावे लागते.

तरीही नकारानंतर चाचण्या थांबल्या नाहीत, आणि या कार्यक्रमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान आयएनएस विक्रमादित्यवर उतरवले; फेब्रुवारी 2023 मध्ये ते विक्रांतवरही उतरले. ताफ्यात न येणाऱ्या विमानाने एवढे करून दाखवावे, याचे महत्त्व वृत्तवाहिन्यांना फारसे उमगले नाही.

खरी काळजी वेगळी आहे. तार पकडताना सांगाड्यावर येणारे भार आणि नियंत्रण-प्रणालीचे बारकावे यांतले पुष्कळसे ज्ञान अहवालांपेक्षा माणसांच्या हातात असते. पुढचे, दोन इंजिनांचे स्वदेशी विमान अजून कागदावर आहे. 2014 मध्ये पंचविशीत गोव्याच्या त्या धावपट्टीवर उभा असलेला अभियंता 2040 मध्ये पन्नाशी ओलांडलेला असेल. मधल्या वर्षांत त्याच्या हाताखाली कोणी शिकत आहे का, हा प्रश्न राफेलच्या किमतीइतकाच संसदेत विचारला गेला पाहिजे.