मोरचूद आणि लोखंडी खिळा

नांदेड-लातूर भागातील शेती औषधांच्या दुकानांत मोरचूद ही जुनी, ओळखीची वस्तू आहे. चुन्यासह तिचे बोर्डो मिश्रण करून मोसंबी, लिंबू, द्राक्ष आदी पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी वापरतात. फ्रान्समधील बोर्डो येथे मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागते.

जाणता दुकानदार ग्राहकास दोन सूचना अवश्य देतो. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये. आणि तयार झाल्यावर त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. या दोन्ही सूचनांमागे एकच शास्त्र आहे.

इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची प्रवृत्ती प्रत्येक धातूची निराळी असते. हायड्रोजनला शून्य मानून ती व्होल्टमध्ये मोजतात. तांब्याचा आकडा अधिक ०.३४, लोखंडाचा उणे ०.४४, जस्ताचा उणे ०.७६. आकडा जितका खाली, तितका धातू देण्यास तत्पर. मोरचुदाच्या द्रावणात लोखंड आले की ते इलेक्ट्रॉन देऊन स्वतः विरघळते आणि ते घेऊन तांबे त्याच्यावर साचते. एकाच्या नावे पडते तेवढेच दुसऱ्याच्या खाती जमा होते. यात बादली झिजते आणि औषधातील तांबेही कमी होते.

खिळ्याची परीक्षा याच व्यवहारावर उभी आहे. खिळ्यावर तांबूस थर चढला, तर चुन्याने न बांधलेले तांबे शिल्लक आहे असे समजावे आणि चुन्याची निवळी आणखी घालावी. असे मोकळे तांबे कोवळी पाने करपवते.

इंग्लंडमधील डॅनियल यांनी १८३६ मध्ये हाच व्यवहार दोन कप्प्यांत विभागला: एकीकडे जस्त, दुसरीकडे मोरचुदात तांबे, मध्ये तार. इलेक्ट्रॉन तारेतून जाऊ लागले आणि स्थिर वीज मिळाली. तिचा दाब १.१० व्होल्ट, म्हणजे दोन आकड्यांतील अंतर. नफा जसा भावात नसून दोन भावांच्या फरकात असतो, तसेच हे.

लातूरच्या शिकवणी वर्गांत व्यापाऱ्यांची मुले हाच तक्ता पाठ करतात. घरच्या दुकानात त्याचा उपयोग रोज होऊ शकतो. विक्रीचे पैसे गल्ल्यात पडतात, पण करपलेल्या पानांचा तोटा शेतकऱ्यास सोसावा लागतो. म्हणून मोरचूद देताना खिळ्याची गोष्टही सांगावी, आणि खिळा गंज घासून स्वच्छ केलेला असावा, हेही.