मुलांचे दात आणि दंततज्ज्ञांचे कर्तव्य

मुलांच्या दातांसाठी निराळा तज्ज्ञ कशाला, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही करतात. दुधाचे दात पडणारच. मग त्यांची एवढी चिंता का वाहावी? या विचारात मोठी गफलत आहे. पुढे येणाऱ्या दाताची जागा दुधाचा दात राखून ठेवतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी दाढ उगवते, ती कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडू देतात. बालदंततज्ज्ञ पदवीनंतर तीन वर्षे अधिक अभ्यास करतो, तो हे वाढते तोंड जाणून घेण्यासाठीच.

तथापि शहरातील दवाखान्यात बसून रोग्याची वाट पाहणे एवढेच त्याचे काम मानले, तर ते अपुरे होय. जबलपूरनजीकचा मंडला जिल्हा याची साक्ष देतो. तेथील तिलईपानी या खेड्यात अनेक मुलांचे पाय गुडघ्यांत वाकलेले होते. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रातील संशोधकांनी याचे कारण शोधले, ते भूगर्भातील पाण्यात सापडले. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही फ्लुओराइडची मर्यादा मानतात. तेथील पाण्यात ते कितीतरी पट अधिक होते. निर्धोक पाणी आणि कॅल्शियमयुक्त आहार हा त्यावरील उपाय ठरला. त्या आहारात रानोमाळ उगवणाऱ्या टाकळ्याच्या भाजीलाही स्थान मिळाले, हे विशेष.

हेच फ्लुओराइड अल्प प्रमाणात दंतक्षय रोखते. परंतु जबड्यात दात घडत असताना ते अतिरिक्त झाले, तर दंतवल्कावर खडूसारखे पांढरे पट्टे उमटतात आणि पुढे ते तपकिरी होतात. कितीही घासले तरी हे डाग जात नाहीत. अशा मुलाला शिक्षकांनी ‘दात घासत नाहीस’ म्हणून दटावणे हा निव्वळ अन्याय होय. ते डाग मुलाच्या आळसाचे नसून अनेक वर्षांपूर्वी प्यालेल्या पाण्याचे असतात.

कीड कोणती व फ्लुओराइडचा डाग कोणता, हे ओळखणारा माणूस शाळेत पोहोचला पाहिजे. हाडांतील बिघाड पाहण्यास क्ष-किरण लागतात. दात पाहण्यास दिवसाचा उजेड पुरतो. दंतमहाविद्यालयांनी आपल्या बालदंततज्ज्ञांना ठराविक काळाने खेड्यांतील शाळांत पाठवावे आणि तपासणीच्या तक्त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रकाना अवश्य ठेवावा: घरचे पाणी कोठून येते? त्या रकान्यात एकाच हातपंपाचे नाव वारंवार येऊ लागले, तर तो तक्ता त्याच आठवड्यात पाणीपुरवठा खात्याकडे गेला पाहिजे.