आंदोलनापुरते गाव

६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली आणि सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले. वाहने थांबली, बाजार थांबला, कचेऱ्या थांबल्या. राजा जाऊन शतक उलटल्यावर त्याच्यासाठी असे थांबणारे दुसरे गाव दाखवा, असे कोल्हापूरकर छातीवर हात ठेवून म्हणतो, आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. पण त्याच सकाळी या गावाच्या महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. २०१५ साली निवडून दिलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. आधी करोनाचे कारण होते, मग ओबीसी आरक्षणाचे, मग प्रभागरचनेचे. शंभर सेकंद थांबलेल्या गावाचा लोकनियुक्त कारभार दीड वर्षापासून थांबलेलाच होता, आणि तो पुढे पाच वर्षांचा टप्पा ओलांडून गेला. राज्यघटना सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी पालिकेची निवडणूक व्हावी. इथे तर प्रशासकाच्या राजवटीनेच एका सभागृहाचे आयुष्य पुरे केले. एखादे निवेदन, एखादी पत्रकार परिषद झाली असेल. दसरा चौक मात्र त्यासाठी भरला नाही. रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्या, असा दट्ट्या अखेर सर्वोच्च न्यायालयाने दिला. तारीख होती ६ मे २०२५. शाहूंच्याच स्मृतिदिनी कोल्हापूरला आपले सभागृह परत मिळण्याची वाट दिसली, तीही दिल्लीतून. प्रत्यक्ष मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला.

हे गाव गप्प बसणारे असते तर यात नवल नव्हते. रस्ते करून द्यायचे आणि त्या बदल्यात शहराच्या तोंडावर टोलनाके बसवायचे, हा व्यवहार कोल्हापूरने कधीच पचवून घेतला नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या मागे तालमी, रिक्षावाले, व्यापारी, एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष असे सगळे उभे राहिले आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. ते पाहायला पानसरे राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत याच शहरात, सकाळी फिरून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशके रेटा लावला आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंचचे काम सुरू झाले. नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेली म्हणून त्याच महिन्याच्या आरंभी हजारो माणसे नांदणीहून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत चालत आली. जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान सगळेच त्यात होते. हत्तिणीच्या प्रकृतीबद्दल न्यायालयापुढे जे मुद्दे आले होते त्यांची चर्चा त्या गर्दीत फारशी झाली नाही, हे नोंदवून ठेवतो. तरीही एका मुक्या जनावरासाठी एवढे चालणाऱ्या माणसांना हसण्याची आमची हिंमत नाही.

या तिन्ही लढ्यांत एक साम्य आहे. समोरचा बाहेरचा होता. टोल घेणारा बाहेरचा, खंडपीठ अडवणारी मुंबई बाहेरची, हत्तीण नेणारे तर थेट जामनगरचे. बाहेरच्याशी दोन हात करायचे म्हटले की सर्वपक्षीय कृती समिती रात्रीत उभी राहते. प्रतिपक्ष आपल्याच गल्लीतला, भावकीतला, आपल्या दूधसंस्थेतला असला की मात्र सगळ्यांना अचानक कामे आठवतात.

हद्दवाढीचेच पाहा. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा शहराची हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटर होती. ती आजही तेवढीच आहे. महापालिका झाल्यापासून एकदाही हद्द न वाढलेले शहर, अशी कोल्हापूरची ख्याती आहे, आणि ती मिरवण्यासारखी नाही. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव ही गावे शहराला इतकी चिकटली आहेत की आपण हद्द ओलांडली हे ग्रामपंचायतीच्या कमानीवरूनच कळते. तिथला माणूस शहरात कमावतो, शहरात शिकतो, केएमटीच्या बसने येतो-जातो आणि घरफाळा ग्रामपंचायतीत भरतो. शहरवाल्याला ही फुकटेगिरी वाटते. पण गावकऱ्याची बाजू पोकळ नाही. महापालिकेत गेलो तर घरफाळा वाढेल, विकास आराखड्यात शेतावर आरक्षण पडेल, आज सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येते ते उद्या कुणाच्या दारात, असे तो विचारतो. आणि मग हळूच विचारतो, तुमच्या हद्दीतल्या उपनगरांना तुम्ही काय दिले ते आधी दाखवा. काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात यायला नोव्हेंबर २०२३ उजाडावा लागला, आणि ते आल्यावरही टाकी कोरडी म्हणून रस्ता अडवण्याचे प्रसंग थांबलेले नाहीत. लाइन बाजारच्या झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर हद्दीच्या आतच आहे. या प्रश्नाला शहराने आजवर सरळ उत्तर दिलेले नाही.

नेत्यांची गोष्ट वेगळी. त्यांना उत्तर ठाऊक आहे आणि ते सभेगणिक बदलते. शहरातल्या सभेत हद्दवाढ झालीच पाहिजे, करवीर तालुक्यातल्या सभेत गावांच्या इच्छेविरुद्ध काही होणार नाही. या दुटप्पीपणावर २०१७ साली तोडगा निघाला तो प्राधिकरणाचा. ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले आणि हद्दवाढीची फाइल बाजूला ठेवली. शहर वाढले नाही, गावांना नियोजन दिसले नाही, आणि बांधकामाची परवानगी मागणाऱ्याला आणखी एक जिना चढावा लागला. ‘आमचं ठरलंय’ हे वाक्य २०१९ मध्ये या जिल्ह्याने राज्याच्या राजकारणाला दिले. हद्दवाढीबाबत कुणाचे काय ठरले आहे, हे सांगायला मात्र पन्नास वर्षे पुरलेली नाहीत.

हद्दवाढीनंतर दुसरा शब्द ‘पुरोगामी’. पुरोगामी कोल्हापूर असे म्हटल्याशिवाय इथले एकही भाषण सुरू होत नाही. या शब्दाला इथे दगडविटांचा आधार आहे. दसरा चौकात शाहूंच्या पुतळ्याजवळ उभे राहा, भोवती बोर्डिंगे दिसतील. जातीजातीची वेगळी वसतिगृहे काढणारा राजा जात मोडणारा कसा, असा शहाजोग प्रश्न अधूनमधून विचारला जातो. खेड्यातून आलेल्या पोराला त्या काळी कोण कुणाच्या पंगतीत बसवून घेत होते, हे विचारणाऱ्याला माहीत नसते. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढून महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चारचौघांदेखत चहा घेतला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला. ते पुरोगामीपण हुकूमनाम्यात आणि खर्चाच्या वहीत होते. आपण त्याचे आडनाव करून टाकले. आडनाव वारशाने मिळते, त्यासाठी काही करावे लागत नाही.

म्हणूनच ७ जून २०२३ ने आपली गाळण उडाली. कुणा पोरांनी मोबाइलवर औरंगजेबाचे स्टेटस ठेवले, बंदची हाक आली, आणि दसरा चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या पेठांत दगड पडले, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरे फोडली गेली, प्रार्थनास्थळाची नासधूस झाली. दोन्ही वेळेला आपण एकच वाक्य ऐकले: हे करणारे बाहेरचे होते. काही असतीलही. पण ज्या तालमींत गणपती आणि पीरपंजे एका छताखाली बसतात, ज्या पेठांत मोहरमची खत्तलरात्र सगळ्या जातींची पोरे जागवतात, त्या पेठांतली आपली पोरे त्या दिवशी कुठे होती? बाहेरचा हा शब्द आपल्याला इतका सोयीचा झाला आहे की आत डोकावण्याची गरजच उरत नाही. २०२४ च्या मे-जूनमध्ये याच मतदारांनी राजर्षींच्याच घराण्यातल्या, काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना लोकसभेत पाठवले आणि नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या दहाही विधानसभा महायुती आणि तिच्या समर्थकांच्या पदरात टाकल्या. मतदार मोकळा आहे, त्याने कुणालाही मत द्यावे. त्याला पुरोगामी किंवा प्रतिगामी ठरवून मोकळे होणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी मात्र हे दोन निकाल एकदा शेजारी ठेवून वाचावेत.

बाहेरच्यावर पेटण्याची आणखी एक, चपलेची गोष्ट थोडक्यात. जून २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने आपल्या फॅशन शोच्या मंचावर कोल्हापुरी पायताण चालवले आणि नाव घेतले नाही. गाव पेटले, रास्तच पेटले. पण या चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. चप्पल लाइनमध्ये विकला जाणारा कितीतरी माल अथणी-निपाणीकडच्या कारागिरांच्या हातचा असतो. सुभाषनगर-जवाहरनगरमधल्या किती पोरांना आता चामडे कमावायचे आणि वेणी घालायची आहे, याची चौकशी त्या महिन्यात कॅमेऱ्यांनी थोडीफार केली, गावाने तीही केली नाही.

आणि केशवराव भोसले नाट्यगृह. शाहूंनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, खासबाग मैदानाच्या भिंतीला भिंत लावून. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलावंत ढसाढसा रडले. वास्तू महापालिकेची होती. देखभालीवर काय खर्च झाला, आग विझवण्याची यंत्रणा शेवटची कधी तपासली, हे प्रशासनाला उभे करून विचारायला त्या रात्री सभागृहच अस्तित्वात नव्हते. चौकशा समित्यांनी केल्या, घोषणा मंत्र्यांनी केल्या.

आता सभागृह आहे. चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आहेत, म्हणजे चौघांत मिळून जबाबदारी कुणाचीच नाही अशी सोयही आहे. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. २०११ च्या गणनेतच कोल्हापूर साडेपाच लाखांच्या घरात होते. अशी बैठक आपल्या प्रभागात कधी झाली, तिला आपण गेलो होतो का, हे वाचकांनी आठवून पाहावे. आम्हीही बातमीदार पाठवला नव्हता, हे कबूल.

जुलैत पंचगंगा चढू लागली की मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या खुणेपर्यंत चढले का, हे बघायला शिवाजी पुलावर गाव लोटते. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेऊ नये म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. पण पूररेषेच्या आत पडलेले भराव, जयंती नाल्याच्या काठाने सरकत आलेल्या भिंती, ओढ्यांवर उठलेली अपार्टमेंटे यांना परवानगी विजापुरात मिळालेली नाही. ती शिवाजी चौकाजवळच्या आपल्याच महापालिकेत मिळाली, किंवा तिथे कुणी तिकडे पाहिले नाही. नव्या सभागृहाने पहिला पावसाळा येण्याआधी अशा बांधकामांची प्रभागवार यादी जाहीर करावी, परवानगीची तारीख आणि सही करणाऱ्याचा हुद्दा यांसह. कोणत्या प्रभागाने ती लावली आणि कोणत्या प्रभागाने नाही, ते आम्ही याच पानावर छापू.